बर्फात पुरलेली दुर्बीण आणि न्यूट्रिनो: पुण्यात सारखे विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूबचा, म्हणजे बर्फात पुरलेल्या, न्यूट्रिनो नावाचे कण पकडणाऱ्या दुर्बिणीचा विषय निघाला की पुण्यात ठरावीक प्रश्न येतातच. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतलं व्याख्यान संपल्यावर बाहेर चहाला उभं राहिलं की येतात, सोसायटीच्या ग्रुपवर येतात, बारावीची मुलं विचारतात आणि रिटायर झालेले काका-काकू तर त्याहून बारकाईने विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही, पण वरून पडणाऱ्या म्यूऑनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्याच पण जड कणांचा, प्रश्न तेवढा सोडू नका. न्यूट्रिनो पकडणं अवघड आहेच, पण त्याच्यासोबत आलेलं नको ते सगळं बाजूला काढणं त्याहून अवघड आहे, आणि माझ्या मते या प्रयोगाचा जीव तिथेच आहे.

न्यूट्रिनो म्हणजे नक्की काय? थोडक्यात सांगा.

विद्युतभार नसलेला, वस्तुमान जवळपास शून्य असलेला मूलकण. १९३० मध्ये वोल्फगांग पाउलीने कागदावर सुचवला आणि १९५६ मध्ये रेन्स आणि कोवन यांनी अमेरिकेत अणुभट्टीजवळ तो खरोखर पकडला. त्याचे तीन प्रकार आहेत, इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाउ, आणि प्रवासात तो एका प्रकारातून दुसऱ्यात बदलत राहतो. हे बदलणं सिद्ध केल्याबद्दल काजिता आणि मॅक्डोनाल्ड यांना २०१५ चं नोबेल मिळालं. बाकी पदार्थाशी तो जवळजवळ काही संबंधच ठेवत नाही, सरळ आरपार जातो. पुढचे सगळे प्रश्न याच एका गोष्टीतून निघतात.

आत्ता माझ्या अंगातूनही जातायत म्हणे, मग काही त्रास?

काहीही नाही. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो आपल्याकडे प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला साधारण साडेसहा हजार कोटी जातात, रात्रीसुद्धा जातात, कारण रात्री ते पृथ्वीच्या आरपार येऊन पायाखालून वर निघतात. ते शरीराला काही करतच नाहीत. "आज रात्री कॉस्मिक किरणं येणार, मोबाईल लांब ठेवा" असे मेसेज दर वर्षी फिरतात त्यात न्यूट्रिनोचंही नाव घातलेलं असतं, ते बिनधास्त डिलीट करा.

मग आइसक्यूब सूर्याचेच न्यूट्रिनो बघतो का?

नाही. सूर्याच्या न्यूट्रिनोची ऊर्जा त्याच्यासाठी फारच कमी, एकेकटा दिसायचाच नाही. आइसक्यूब बघतो ते हाय-एनर्जी न्यूट्रिनो. अंदाज यावा म्हणून सांगते, जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये एका प्रोटॉनला ६.८ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेतात (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक, टेरा म्हणजे लाख कोटी), आणि आइसक्यूबमध्ये हजार-दोन हजार टेराइलेक्ट्रॉनव्होल्टचे, म्हणजे एक-दोन पेटाइलेक्ट्रॉनव्होल्टचे न्यूट्रिनो सापडलेत. माणसाने बांधलेल्या सगळ्यात मोठ्या यंत्रापेक्षा शेकडो पटीने जास्त ऊर्जा एका कणाला देणारं काहीतरी अवकाशात आहे. ते काय आहे, कुठे आहे आणि हे कसं जमवतं, हे शोधायलाच एवढा खटाटोप.

पण त्यासाठी न्यूट्रिनोच कशाला? प्रकाश आहे, रेडिओ आहे, आपली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस बलूनमधून वर गेला आणि वरून किरणोत्सर्ग येतोय हे त्याने मोजलं, तेव्हापासून कॉस्मिक किरणं आपल्याला माहीत आहेत. ती म्हणजे मुख्यतः प्रोटॉन आणि जड अणुकेंद्रकं, आणि त्यांच्यावर विद्युतभार असल्यामुळे वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रांत ती वळत-वळत येतात, त्यामुळे पृथ्वीवर पोचली तरी निघाली कुठून ते कळत नाही, शंभर वर्षं होऊन गेली तरी हा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. गॅमा किरणं वळत नाहीत, पण फार जास्त ऊर्जेची असली तर अवकाशात भरून राहिलेल्या प्रकाशाशी टक्कर होऊन वाटेतच संपतात, आणि उगम दाट वायूत गाडलेला असेल तर तिथून बाहेरच पडत नाहीत. न्यूट्रिनो वळत नाही, अडत नाही, आणि मुख्य म्हणजे तो तयार व्हायला प्रोटॉनच लागतात: प्रोटॉन कशावर तरी आपटला की पायॉन नावाचे क्षणभर टिकणारे कण होतात आणि ते मोडताना न्यूट्रिनो निघतो. म्हणजे जिथून हाय-एनर्जी न्यूट्रिनो येतोय तिथे प्रोटॉनला वेग देणारी जागा आहे एवढं पक्कं. रेडिओ किंवा साध्या प्रकाशावरून हे इतक्या खात्रीने सांगता येत नाही.

बर्फच का? आणि तोही दक्षिण ध्रुवावरचा?

न्यूट्रिनो क्वचितच कशाला धडकतो, त्यामुळे लक्ष्य अवाढव्य लागतं, आणि धडकल्यावर होणारा प्रकाश लांबपर्यंत जायचा तर ते लक्ष्य पारदर्शक लागतं, शिवाय अंधारात लागतं. एवढं कारखान्यात बनवणं अशक्य, त्यामुळे निसर्गातलंच वापरायचं. १९६० मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ मार्कोव्हने तलाव किंवा समुद्राचं पाणी वापरा असं सुचवलं होतं. हवाईजवळच्या समुद्रात ड्युमंड नावाचा प्रयोग बरीच वर्षं चालला आणि १९९५ मध्ये बंद करावा लागला. मग बर्फाचा पर्याय पुढे आला, त्याच्यामागे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या फ्रान्सिस हाल्झेन यांची चिकाटी होती, आधी अमांडा नावाची छोटी दुर्बीण झाली आणि मग आइसक्यूब.

ध्रुवावर बर्फाचा थर जवळपास २८०० मीटर जाड आहे. वरच्या भागात हवेचे बुडबुडे असतात आणि प्रकाश त्यांच्यावर आदळून विखुरतो, पण साधारण १४०० मीटरच्या खाली दाब इतका वाढतो की बुडबुड्यांतली हवा बर्फाच्या स्फटिकातच बसते आणि बुडबुडे उरत नाहीत. तिथला बर्फ इतका नितळ आहे की प्रकाश शोषला जाण्याआधी शंभर-दोनशे मीटर सहज जातो. साधारण दोन हजार मीटरवर एक धुळीचा पट्टा आहे, हजारो वर्षांपूर्वी हवेतून येऊन बसलेली धूळ, तिथे प्रकाश अडतो, आणि हे हिशेबात धरावंच लागतं. शिवाय अमुंडसेन-स्कॉट स्टेशन आधीपासून तिथे आहे, विमान उतरतं, वीज आहे, राहायची सोय आहे.

हिमालयात पण बर्फ आहे की!

आहे, पण हिमनद्यांची जाडी काहीशे मीटर, वर त्या सरकतात, वितळतात, त्यांच्यात दगड-माती असते. इथे अडीच किलोमीटर जाड, स्वच्छ आणि शांत बसलेला बर्फ लागतो. ध्रुवावरचा बर्फही वर्षाला दहाएक मीटर सरकतो, पण सगळा एकत्र सरकतो त्यामुळे अडचण होत नाही.

न्यूट्रिनो दिसत नाही म्हणता, मग त्या दुर्बिणीला दिसतं काय?

निळा प्रकाश. न्यूट्रिनो बर्फातल्या एखाद्या अणुकेंद्रकाला धडकला की त्यातून विद्युतभार असलेले कण सुटतात. निर्वात पोकळीतल्या प्रकाशाचा वेग कुणीच ओलांडू शकत नाही, पण बर्फात प्रकाश स्वतःच मंदावतो, साधारण तीन चतुर्थांश वेगाने जातो, आणि हे कण बर्फातल्या त्या प्रकाशापेक्षा जोरात पळतात. पानशेतला स्पीडबोट लाटांपेक्षा जोरात गेली की मागे पाण्यात जशी तिरकी लाट पसरत जाते तशी इथे प्रकाशाची लाट कणाच्या वाटेभोवती शंकूसारखी पसरते, बर्फात त्याचा कोन साधारण ४१ अंश येतो. १९३४ मध्ये पावेल चेरेन्कॉव्हने हा प्रकाश शोधला, म्हणून चेरेन्कॉव्ह प्रकाश, १९५८ मध्ये त्याबद्दल नोबेल मिळालं.

तो प्रकाश टिपायला बर्फात ५१६० काचेचे गोळे आहेत. प्रत्येक गोळा साधारण ३३ सेंटिमीटर व्यासाचा, जाड काचेचा, आत पंचवीस सेंटिमीटरची फोटोमल्टिप्लायर ट्यूब, तोंड खाली करून बसवलेली. ही ट्यूब एकटा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, आला तरी त्याचा मोजता येईल एवढा विजेचा झटका करते. गोळ्यातच छोटा कॉम्प्युटर आहे जो आलेला सिग्नल तिथल्या तिथे डिजिटल करतो आणि त्याच्यावर काही नॅनोसेकंदांपर्यंत अचूक वेळ टाकतो. आत बारा एलईडीही आहेत, ते मुद्दाम लावून शेजारच्या गोळ्यांना किती प्रकाश पोचला ते मोजतात, आणि त्यावरून मधला बर्फ कसा आहे ते कळतं. बर्फ हा डिटेक्टरचाच भाग असल्यामुळे तो नीट कळल्याशिवाय दिशाही नीट निघत नाही आणि ऊर्जाही निघत नाही.

म्हणजे या दुर्बिणीला ना भिंग ना आरसा. कुठल्या गोळ्याला किती प्रकाश कधी मिळाला, एवढ्यावरून कण कुठून कुठे गेला ते गणिताने काढायचं.

हे गोळे इतक्या खोल घातले कसे? एखादा बिघडला तर?

गरम पाण्याने भोक पाडून. साधारण ८८ अंश सेल्सिअसचं पाणी प्रचंड दाबाने सोडत सोडत खाली जायचं, साठ सेंटिमीटर रुंदीचं आणि अडीच किलोमीटर खोलीचं एक भोक पाडायला दोनेक दिवस लागायचे. मग भोकातलं पाणी गोठायच्या आत एका केबलवर लावलेले साठ गोळे एकापाठोपाठ खाली सोडायचे, दोन गोळ्यांत १७ मीटर अंतर. अशा ८६ केबल, त्यांना स्ट्रिंग म्हणतात, बहुतेक एकमेकींपासून १२५ मीटरवर. सगळ्यात खालचा गोळा २४५० मीटरवर आहे, आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर, यावरून खोली किती ते बघा. काम फक्त ध्रुवावरच्या उन्हाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यामुळे पहिली स्ट्रिंग २००५ च्या सुरुवातीला आणि शेवटची डिसेंबर २०१० मध्ये गेली. एकूण एक घन किलोमीटर बर्फ.

बिघडला तर काही करता येत नाही, तो तिथे कायमचा गोठलाय. तरीही इतक्या वर्षांनी साधारण ९८ टक्के गोळे व्यवस्थित चालू आहेत. ज्या इंजिनिअर लोकांनी हे बनवलं त्यांचं नाव बातम्यांत येत नाही, पण पुण्यात इतके लोक इलेक्ट्रॉनिक्सचं टेस्टिंग करतात, त्यांना विचारा की एकदा बसवल्यावर हातच लावता येणार नाही असं युनिट बनवून देणं म्हणजे काय असतं.

वरून आकाशातून इतकं काय काय पडत असतं, त्यात न्यूट्रिनो कुठला हे कळतं कसं?

सोडू नका म्हटलेला प्रश्न हाच, आणि उत्तर लांब आहे.

कॉस्मिक किरणं वातावरणावर आदळली की त्यातून म्यूऑन तयार होतात, आणि म्यूऑन हे दीड-दोन किलोमीटर बर्फ सहज भेदून खाली डिटेक्टरपर्यंत पोचतात. आइसक्यूबमध्ये असे म्यूऑन सेकंदाला साधारण ३००० येतात, म्हणजे दिवसाला पंचवीस कोटींच्या घरात. त्याउलट न्यूट्रिनो दिवसाला काहीशे, आणि तेही बहुतेक अवकाशातले नाहीतच, त्याच कॉस्मिक किरणांमुळे आपल्याच वातावरणात तयार झालेले. खरोखर लांबून आलेले, ज्यांच्यासाठी हे सगळं बांधलं, ते वर्षभरात फार थोडे. प्रत्येक न्यूट्रिनोमागे दहा लाख म्यूऑन असा हा हिशेब आहे.

मग पहिली युक्ती म्हणजे पृथ्वीच फिल्टर म्हणून वापरायची. म्यूऑन कितीही जोरात असला तरी पृथ्वीच्या आरपार येऊ शकत नाही, न्यूट्रिनो येऊ शकतो. म्हणून खालून वर येणारा कण दिसला तर तो न्यूट्रिनोपासूनच झालेला असणार. त्यामुळेच गंमत अशी की दक्षिण ध्रुवावरची ही दुर्बीण सगळ्यात चांगलं बघते ते उत्तरेचं आकाश, म्हणजे आपल्या पुण्यावरचं आकाश, आणि ट्यूबची तोंडं खाली केलेली आहेत तीही यासाठीच.

दुसरी युक्ती बाहेरचे गोळे पहारेकरी म्हणून वापरायची. कण बाहेरून आत शिरला तर कडेच्या गोळ्यांना आधी प्रकाश मिळेल, तसं झालं तर घटना बाद. आणि कडेला काहीच नाही, अचानक आतच प्रकाश सुरू झाला, तर न्यूट्रिनो आत येऊन धडकला असं मानता येतं. या पद्धतीने वरून येणारेही न्यूट्रिनो मिळतात. त्यातही एक बारकावा आहे, वातावरणात तयार झालेला न्यूट्रिनो वरून आला तर बरेचदा त्याच टकरीतून झालेला म्यूऑन त्याच्यासोबत येतो आणि पहारेकऱ्यांना सापडतो, त्यामुळे तोही बाद होतो.

तिसरी गोष्ट ऊर्जा. वातावरणातल्या न्यूट्रिनोंची संख्या ऊर्जा वाढत जाईल तशी भराभर घटते, लांबून येणाऱ्यांची तितकी घटत नाही, म्हणून शंभर टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे जे दिसतं ते अवकाशातलं असण्याची शक्यता वाढत जाते. पण फार वर गेलं की पृथ्वीसुद्धा न्यूट्रिनोला अडवायला लागते, म्हणजे खालून येणारे कमी होतात आणि क्षितिजाजवळचे महत्त्वाचे ठरतात.

आणि एवढं सगळं करूनही एकेका घटनेबद्दल "हा शंभर टक्के अवकाशातला" असं म्हणता येत नाही, शक्यताच सांगता येते. मला यात कमीपणा वाटत नाही, उलट पंचवीस कोटी नको असलेल्यांतून एक हवा असलेला काढायचा आणि तरी त्याच्यापुढे किती टक्के खात्री ते प्रामाणिकपणे लिहायचं, ही शिस्त मला सगळ्यात मोठी वाटते.

दिशा किती अचूक कळते?

म्यूऑन न्यूट्रिनो असेल तर त्यातून निघालेला म्यूऑन बर्फात किलोमीटरभर किंवा त्याहून लांब सरळ रेघ काढत जातो, याला ट्रॅक म्हणतात, दिशा एक अंशाच्या आत कळते. बाकीच्या प्रकारांत बहुतेक वेळा प्रकाशाचा एक गोल गोळाच दिसतो, कॅस्केड, त्यात ऊर्जा चांगली कळते पण दिशा बरीच अंदाजे.

मग आतापर्यंत सापडलं काय? नुसतं बांधूनच ठेवलंय का?

बरंच सापडलंय. २०१३ मध्ये दोन घटना जाहीर झाल्या, प्रत्येकी साधारण एक पेटाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या, त्यांना प्रेमाने बर्ट आणि अर्नी अशी नावं दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एकूण २८ घटनांचा पेपर आला आणि सूर्यमालेच्या बाहेरून हाय-एनर्जी न्यूट्रिनो येतात हे पहिल्यांदा दाखवता आलं. पण ते सगळीकडून येत होते, कुठल्या एका जागेवरून नाही.

जागेचा पहिला धागा मिळाला २२ सप्टेंबर २०१७ ला. जागतिक वेळेनुसार रात्रीचे आठ वाजून ५४ मिनिटं, म्हणजे पुण्यात २३ तारीख उजाडायची होती, पहाटेचे दोन वाजून २४ मिनिटं, नवरात्र नुकतंच बसलेलं. क्षितिजाच्या थोडं खालून एक म्यूऑन डिटेक्टरमधून आडवा गेला, न्यूट्रिनोची ऊर्जा साधारण २९० टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट असावी असा अंदाज निघाला आणि एका मिनिटाच्या आत जगभरच्या दुर्बिणींना आपोआप अलर्ट गेला. त्या दिशेला गॅमा किरणं बघणाऱ्या फर्मी उपग्रहाने बघितलं तर एक ब्लेझार नेहमीपेक्षा जास्त गॅमा किरणं फेकत होता, म्हणजे मध्यभागी महाकाय कृष्णविवर असलेली अशी दीर्घिका जिचा कणांचा झोत नेमका आपल्या दिशेने आहे. कॅनरी बेटांवरच्या मॅजिक दुर्बिणींनाही तो दिसला. त्याचं नाव टीएक्सएस ०५०६+०५६, अंतर साधारण चार अब्ज प्रकाशवर्षं, आणि आकाशात तो मृग नक्षत्रात, मृगाच्या खांद्याच्या बाजूला आहे. मग आइसक्यूबच्या लोकांनी जुना डेटा उघडून बघितला तर २०१४ च्या शेवटी आणि २०१५ च्या सुरुवातीला त्याच जागेवरून डझनभर जास्तीचे न्यूट्रिनो येऊन गेलेले. हे सगळं जुलै २०१८ मध्ये जाहीर झालं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दुसरी जागा, एनजीसी १०६८ ही दीर्घिका, आपल्यापासून साधारण ४ कोटी ७० लाख प्रकाशवर्षांवर. दहाएक वर्षांच्या डेटात तिच्या दिशेने साधारण ७९ जास्तीचे न्यूट्रिनो. पण तिथून तेवढ्या ऊर्जेची गॅमा किरणं मात्र दिसत नाहीत! खरं तर न्यूट्रिनो तयार होताना गॅमा किरणं झालीच पाहिजेत. ती दिसत नाहीत याचा सरळ अर्थ ती कृष्णविवराजवळच्या दाट भागात अडकतायत आणि न्यूट्रिनो तेवढा निसटून येतोय. प्रकाशाने कधीच न दिसणारी जागा न्यूट्रिनोने दिसली, आणि एवढ्या एका निकालासाठीसुद्धा आइसक्यूब बांधायला हवी होती असं माझं प्रामाणिक मत आहे.

जून २०२३ मध्ये आपल्याच आकाशगंगेच्या पट्ट्यातून येणारे न्यूट्रिनो सापडले. ते काम कॅस्केड घटनांवर आणि मशीन लर्निंगवर उभं होतं.

हे सगळं पक्कं समजायचं का? सिग्मा-बिग्मा काय असतं ते?

निव्वळ योगायोगाने असं दिसायची शक्यता किती कमी, ते सिग्मात सांगतात. कणभौतिकीत पाच सिग्मा झाले की शोध म्हणायची पद्धत आहे. २०१७ चा ब्लेझार तीन सिग्माच्या आसपास, एनजीसी १०६८ चे ४.२, आकाशगंगेचे ४.५. म्हणजे पुरावा मजबूत आहे आणि वाढतोय, पण "सिद्ध झालं" असा मथळा दिसला तर तो पत्रकाराचा उत्साह समजा. अवकाशातून हाय-एनर्जी न्यूट्रिनो येतात, हे मात्र पाच सिग्माच्या पुढे केव्हाच गेलंय.

समुद्रातही अशी दुर्बीण आहे ना?

हो, भूमध्य समुद्रात केएम३नेट, अजून बांधकाम चालू आहे. तिला १३ फेब्रुवारी २०२३ ला एक जवळजवळ आडवी घटना मिळाली, न्यूट्रिनोची ऊर्जा साधारण २२० पेटाइलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याचा अंदाज, आतापर्यंतची सगळ्यात जास्त. २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं. रशियात बैकल सरोवरातही एक आहे.

१९६० मधलं एक भाकीत खरं ठरलं म्हणे, ते काय?

शेल्डन ग्लॅशॉने तेव्हा म्हटलं होतं की इलेक्ट्रॉन प्रकारचा प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे न्यूट्रिनोचा प्रतिकण, साध्या इलेक्ट्रॉनला धडकला तर एका विशिष्ट ऊर्जेला ती धडक होण्याची शक्यता एकदम वाढेल. ती ऊर्जा येते ६.३ पेटाइलेक्ट्रॉनव्होल्ट, पृथ्वीवरच्या कुठल्याच यंत्रात मिळणार नाही. डिसेंबर २०१६ मध्ये आइसक्यूबला तशी एक घटना मिळाली, २०२१ मध्ये छापून आली.

यात भारताचा काय संबंध? आपण नुसतं वाचायचंच का?

हे मी दर वेळी जरा जोर देऊन सांगते. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो जगात सगळ्यात आधी ज्या ठिकाणी दिसले त्यातलं एक कर्नाटकातलं कोलार आहे. सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून जास्त खोल, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या लोकांनी जपान आणि ब्रिटनच्या शास्त्रज्ञांसोबत डिटेक्टर लावले आणि १९६५ मध्ये निकाल छापला. त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीतून रेन्सच्या गटाचाही निकाल आला, इतकी ती चुरशीची गोष्ट होती. म्यूऑन अडवायला वर दोन किलोमीटर खडक घ्यायचा, ही कल्पना म्हणजे आइसक्यूबच्या बर्फाचीच आधीची आवृत्ती. पुढे खाण बंद झाली आणि ती जागाही गेली.

त्यानंतर तामिळनाडूत थेनी जिल्ह्यात इंडिया-बेस्ड न्यूट्रिनो ऑब्झर्व्हेटरी ठरली, डोंगराखाली ५० हजार टन लोखंडाचा डिटेक्टर. तिथे विरोध झाला, राज्य सरकारनेही विरोध केला आणि काम अडकलं. न्यूट्रिनोमुळे कुणाला काही होणार नव्हतं हे वर लिहिलंच आहे, पण डोंगर, जंगल आणि पाणी यांबद्दल तिथल्या लोकांनी विचारलेले प्रश्न रास्त होते. ते प्रश्न सुरुवातीलाच गावात बसून, त्यांच्या भाषेत बोलून सोडवायला हवे होते असं मला मनापासून वाटतं.

आणि पुण्याचा?

पुण्यात न्यूट्रिनो दुर्बीण नाही, पण न्यूट्रिनो कुठून आला हे ठरवायला बाकीच्या दुर्बिणी लागतात आणि त्यात पुणे मागे नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटरच्या ३० अँटेना, आणि ब्लेझारचे झोत रेडिओत बघणं हे अशा दुर्बिणींचं कामच आहे. ती चालवणारं एनसीआरए हे रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र विद्यापीठाच्या आवारात आहे, शेजारी जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका. शिवाय हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होणार आहे, गुरुत्वीय लहरी पकडायला, त्यात आयुका सहभागी आहे. प्रकाश, न्यूट्रिनो आणि गुरुत्वीय लहरी एकाच घटनेतून मिळाल्या तर काय होईल याची मी खरंच वाट बघतेय.

आपल्या आकाशगंगेत तारा फुटला तर आइसक्यूबला कळेल?

कळेल. त्या न्यूट्रिनोंची ऊर्जा कमी, पण संख्या इतकी प्रचंड की एकेकटा नाही दिसला तरी पाच हजार गोळ्यांची पार्श्वभूमी, म्हणजे त्यांच्यात एरवीही येत राहणारे बारीकसारीक सिग्नल, एकदम वर जाईल. १९८७ मध्ये शेजारच्या छोट्या दीर्घिकेत तारा फुटला तेव्हा सगळ्या जगात मिळून दोन डझनच न्यूट्रिनो सापडले होते, आणि ते प्रकाशाच्या काही तास आधी पोचले होते, कारण न्यूट्रिनो ताऱ्याच्या गाभ्यातून लगेच निघतो आणि प्रकाशाला पृष्ठभाग फुटेपर्यंत थांबावं लागतं.

या सगळ्याचा सामान्य माणसाला उपयोग काय?

उद्या सकाळी काहीच नाही, आणि मी ओढूनताणून सांगणारही नाही. विश्वातली सगळ्यात ताकदवान यंत्रं कशी चालतात हे माहीत असणं हीच मला पुरेशी मोठी गोष्ट वाटते.

ताई, माझी मुलगी बीएस्सीला आहे, तिला यात जायचंय. त्यासाठी ध्रुवावर जावं लागतं का?

अजिबात नाही. हिवाळाभर डिटेक्टर सांभाळायला तिथे दोनच जण राहतात, बाकी शेकडो शास्त्रज्ञ आपापल्या गावातून कॉम्प्युटरवर काम करतात. डेटा उपग्रहाने रोज साधारण १०० गीगाबाइट येतो. तिला फिजिक्स पक्कं करायला सांगा, स्टॅटिस्टिक्स त्याहून पक्कं, आणि पायथन. आइसक्यूबने बराच डेटा सगळ्यांसाठी खुला ठेवलाय, तो आजच डाउनलोड करून खेळता येतो. २०२३ मध्ये त्यांनी कॅगल या डेटाच्या स्पर्धांच्या वेबसाइटवर स्पर्धाही घेतली होती, गोळ्यांवरच्या सिग्नलवरून न्यूट्रिनोची दिशा काढा अशी, आणि त्यात भौतिकशास्त्र न शिकलेले प्रोग्रामरही उतरले होते. हिंजवडीत मशीन लर्निंग करणाऱ्यांनीही तो डेटा जरूर उघडून बघावा. पुण्यातच आयसर आहे, विद्यापीठाचा फिजिक्स विभाग आहे, सुरुवात इथूनच होते. आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आयुका सगळ्यांसाठी खुली असते तेव्हा तिला घेऊन जा आणि तिथल्या रिसर्च करणाऱ्या मुलामुलींशी थेट बोलू द्या, ते मोकळेपणाने सांगतात.

घरच्या टेलिस्कोपने यातलं काही बघता येईल?

मृगातला तो ब्लेझार नाही, फार मंद आहे. एनजीसी १०६८ मात्र नक्की, तिलाच मेसिए ७७ म्हणतात, प्रत, म्हणजे तेजस्वितेचं माप, साधारण नऊ. नोव्हेंबर ते जानेवारी संध्याकाळनंतर तिमिंगल तारकासमूह वर असतो, त्यातला डेल्टा सेटी तारा शोधा, दीर्घिका त्याच्यापासून एक अंशाच्या आत आहे. शहरातून जमणार नाही, भोर किंवा वेल्ह्याच्या बाजूला चंद्र नसलेल्या रात्री जा. सहा इंची दुर्बीण पुरते, आठ इंची असेल तर गाभा ठळक दिसतो.